कुणासाठीही न थांबणाऱ्या बाई

घर दाखवण्याआधी त्यांनी मला टेकडी दाखवली.

समुद्री शेवाळांवर काम करायला म्हणून मी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका लहानशा गावी गेले होते. विद्यापीठ सेंदाईला, पण त्यांचं संशोधन केंद्र या गावात, खाडीच्या काठाला. मोठा भूकंप आणि त्यामागून आलेली लाट, या गोष्टीला काही वर्षं होऊन गेली होती. गावाचा सखल भाग अजून मोकळाच होता. नुसती जोती, मधे गवत आणि दिवसभर माती वाहणारे ट्रक. त्यामुळे उरलेल्या वरच्या भागात भाड्याचं घर मिळणं महाकठीण. केंद्राच्या ऑफिसातल्या मुलीने एका विधवा बाईंचं नाव सुचवलं. त्यांच्या अंगणात दोन खोल्यांचं एक वेगळं घर रिकामं होतं. "ओया-सान मनाने फार चांगल्या आहेत," ती म्हणाली. ओया म्हणजे घरमालक, आणि सान हे नावापुढे आदराने लावायचं. पण तिने 'मनाने' या शब्दावर असा काही जोर दिला, की बाकी कशाने चांगल्या नाहीत, हे मला विचारावंसं वाटलं.

बाई फाटकात उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, बुटक्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. मी कमरेत वाकून, आरशासमोर घोकलेलं स्वतःची ओळख करून देणारं वाक्य सुरू केलं. ते संपायच्या आत बाई चालू लागल्या होत्या. घराकडे नव्हे, घरामागच्या दगडी पायऱ्यांकडे. मी मागोमाग. वर एक देऊळ आणि देवळामागे शाळेचं पटांगण. धापा टाकत मी तिथे पोचले, तेव्हा बाई परत उतरायला लागल्यासुद्धा होत्या.

"वाट कळली?" त्यांनी मला ओलांडता ओलांडता विचारलं.

"हो."

"मग आता घर बघ. नाही आवडलं तरी हरकत नाही. वाट चांगली आहे."

घर यथातथाच होतं. स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस मावेल, आणि तोही मागे वळणार नसेल तर. पण खिडकीतून खाडी दिसायची, कालवं वाढवायचे तराफे दिसायचे. मी घेऊन टाकलं. आयुष्यात काही निर्णय असे असतात की ते आपण घेतले याचं नंतर आपल्यालाच नवल वाटतं. हा माझा त्यांतला.

माझं नाव बाईंनी कधी उच्चारलं नाही. जमत नव्हतं म्हणून नव्हे. त्यांना त्याची गरज वाटली नाही. तिथल्या सगळ्या घरांत सूपमध्ये पडणारं वाकामे नावाचं शेवाळ असतं, त्याचा अभ्यास करायला ही मुलगी थेट भारतातून आली, या गोष्टीचं त्यांना पहिल्या दिवसापासून हसू येत होतं. "वाकामे-सान" हे नाव त्यांनी मला लावलं आणि गावाने ते उचललं. पोस्टमनसुद्धा मला त्याच नावाने हाक मारायचा.

बाईंचा मुख्य लौकिक मात्र वेगळा होता. बाई कुणासाठीही थांबत नसत.

हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाहीये. ज्या देशात दारातून आधी कुणी बाहेर पडायचं यावर दोन माणसं पाचदहा वेळा वाकतात, त्या देशात ही बाई सरळ चालू लागायची. बसला उशीर झाला की त्या पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायच्या आणि तिथे बसमध्ये चढून ड्रायव्हरला विचारायच्या, "गाडी ढकलत आणलीस का?" दवाखान्यात नंबर लवकर लागला नाही तर घरी निघून यायच्या. शेवटी बिचारे डॉक्टरच संध्याकाळी फिरायला जाताना त्यांचं ब्लडप्रेशर बघून जाऊ लागले. सणाच्या जेवणाला सगळे हातात पेला धरून अध्यक्षांचं भाषण ऐकत असायचे, कारण सगळ्यांनी मिळून पेला उंचावल्याशिवाय तोंडाला लावायचा नाही असा शिरस्ता. बाईंचा पेला तोवर रिकामा झालेला असायचा आणि माशाचा काटाही उरलेला नसायचा. भाषण संपेपर्यंत बाई घरी.

त्यांचा पांढरा छोटा ट्रक कायम टेकडीच्या रस्त्याकडे तोंड करून उभा. गावात सगळेच गाड्या तशा लावायचे, पण सकाळी मी सायकल उलटी लावलेली दिसली, तर संध्याकाळी ती सुलटी झालेली असायची.

आणि देण्याची तऱ्हाही तीच. दारावर एकदा टकटक व्हायची. मी उघडेपर्यंत दाराशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला मासा, नाहीतर मुळा, नाहीतर नुकत्याच उकडलेल्या रताळ्यांची पिशवी, आणि बाई अंगणाच्या पार पलीकडे. पहिल्या हिवाळ्यात नळ गोठू नये म्हणून तो रात्री थेंब थेंब सोडून ठेवायचा, हे त्यांनी मला खिडकीबाहेरून ओरडून सांगितलं आणि मी "काय?" म्हणेपर्यंत त्या गेल्या. अंथरुणात ठेवायची गरम पाण्याची पिशवी अशीच आली, लोकरीचे मोजे असेच आले. मी आभाराची वाक्यं पाठ करून ठेवायचे. पण आभार मानायला माणूस समोर तर हवं! आपल्याकडे पाहुण्याला निघताना दारात तासभर उभं करून बोलायची सवय. मला सुरुवातीला हा सगळा उद्धटपणा वाटायचा.

गावात तेव्हा एकच विषय होता, समुद्राची भिंत. सरकार किनाऱ्याने काँक्रीटचा उंच बांध घालणार होतं. त्याची माहिती द्यायला कचेरीतली माणसं आली, शाळेच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या गेल्या, पडद्यावर चित्रं झाली. शेवटी "कुणाला काही विचारायचं आहे का?" आणि नेहमीसारखी शांतता. तिथे सभेत कुणी काही विचारत नाही. जे बोलायचं ते आधी घरोघर चहावर बोलून झालेलं असतं. बाई उठल्या.

"भिंत झाल्यावर मला स्वयंपाकघरातून समुद्र दिसेल का?"

कचेरीतला तरुण साहेब घाम पुसत म्हणाला, "सुरक्षिततेच्या दृष्टीने…"

"दिसेल का?"

"नाही."

"समुद्र दिसला नाही तर पळायचं कधी ते कसं कळणार? भिंत आहे म्हणून लोक घरात बसून राहतील." एवढं बोलून, उत्तराची वाट न बघता बाई चपला घालून निघून गेल्या.

भिंत अर्थातच झाली. मग बाईंनी तिचा उपयोग शोधला. ऊन चांगलं लागतं म्हणून त्या सरकारी भिंतीवर त्यांनी माकूळ, म्हणजे स्क्विड, वाळत घातले. कचेरीतून तोच साहेब आला आणि पुन्हा पुन्हा वाकून, असं करणं कृपया टाळावं, असं सांगू लागला. बाईंनी त्यातलाच एक वाळलेला माकूळ त्याच्या हातात ठेवला आणि त्या चालत्या झाल्या. दुसऱ्या दिवशी वाळवण पुन्हा भिंतीवर. पुढे तो साहेब यायचा तो फक्त शनिवारी आणि पिशवी घेऊन.

न थांबण्याचं कारण मला मासळीच्या दुकानातल्या काकूंनी सांगितलं. मी बाईंविषयी काहीतरी कुरकुर केली असावी. काकूंनी सुरी खाली ठेवली. त्या दिवशी, लाटेच्या दिवशी, बाईंचे यजमान गावाच्या वरच्या अंगाला होते, अगदी सुरक्षित जागी. जमीन हलल्याबरोबर बाई मागच्या पायऱ्यांनी टेकडीवर गेल्या. यजमान त्यांना न्यायला घरी आले. घरात बाई नाहीत. बाई तेव्हा बाजारात कामाला जायच्या म्हणून ते खाली बाजाराकडे धावले, बायकोला शोधायला. लाट बाईंच्या अंगणापर्यंत येऊन थांबली. घराला काहीही झालं नाही. यजमान मात्र परत आले नाहीत.

बाईंनी स्वतः त्याविषयी एकदाच तोंड उघडलं. वसंतात आम्ही दोघी अंगणात वाकामे वाळत घालत होतो. त्या किनाऱ्यावर जुन्या लोकांचा एक शब्द आहे, 'तेन्देन्को'. म्हणजे ज्याने त्याने आपापलं पळायचं. आई मुलासाठी थांबणार नाही, मुलगा आईसाठी थांबणार नाही. ऐकायला निर्दय वाटतं. बाईंनी मला त्याचा अर्थ नीट लावून दिला.

"त्याला वाटलं, मी थांबले असेन," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी त्याच्यासाठी थांबत आले होते. जेवायला थांबायचे, झोपायला थांबायचे. मग त्याला दुसरं काय वाटणार? आता कुणालाही कळलं पाहिजे की ही बाई थांबत नाही. म्हणजे मला शोधायला कुणी येणार नाही."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पण तिथे तशी पद्धत नाही आणि बाई दोरीच्या दुसऱ्या टोकाला पोचलेल्या होत्या. तिथूनच त्यांनी उजव्या हाताची करंगळी पुढे केली. जपानमध्ये मुलं करंगळीत करंगळी अडकवून वचन देतात, आपल्याकडच्या गळ्याच्या शपथेसारखं.

"जमीन हलली तर तू माझ्याकडे यायचं नाही. कुणाकडेच यायचं नाही. तू जिथे असशील तिथली टेकडी चढायची. घाल."

मी त्या टोकाला जाऊन करंगळी अडकवली. लहानपणापासून आपण वचनं देतो ती येण्याची. न येण्याचं वचन मी पहिल्यांदाच देत होते.

त्याच वर्षी पावसाळा सरल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि ठाण्याच्या घरात ते एकटे पडले होते. बाबा बँकेतून निवृत्त झालेले. आमच्या घरात कुणी एकट्याने बाहेर पडायचं नाही, असा त्यांचा कायदा. सगळे तयार झाले का, गॅस बंद, नळ बंद, कडी नीट लागली का ते ओढून बघ, मग "चला, सगळे एकत्र निघूया". सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही. आणि परदेशात असल्यामुळे त्यात एक भर पडली होती. पासपोर्ट, गोळ्या आणि चष्मा असलेली एक कापडी पिशवी. ती त्यांच्या हातातून सुटत नसे. न्हाणीघरात जातानासुद्धा ती बाहेर दाराला लटकलेली असायची.

म्हणजे एकीकडे जन्मात कुणासाठी न थांबणारी बाई आणि दुसरीकडे सगळ्यांसाठी थांबणारे बाबा. दोघांत एक अंगण. भाषा कुणालाच कुणाची येत नाही. त्यामुळे दोघंही मोठ्याने बोलायचे, मोठ्याने बोललं की समजतं अशा विश्वासाने. बाई बाबांना "पापा-सान" म्हणायच्या. बाबा मला विचारायचे, "तुझ्या त्या बाईंना कुणी कधी 'बसा' म्हटलं नाही का गं?" एकदा त्यांनी बाईंना जेवायला बोलावलं. मी वरण-भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर केली. बाबा ताटं पूर्ण वाढून होण्याची वाट बघत हात मांडीवर ठेवून बसले. मी पोळ्या घेऊन आले तोवर बाई जेवून उठल्या होत्या. "छान. तिखट कमी," असं म्हणून गेल्यासुद्धा. बाबा रिकाम्या ताटाकडे बघत म्हणाले, "पानात काही टाकलं नाही, हे मात्र खरं."

तेन्देन्को मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांना ते मुळीच पटलं नाही.

"म्हणजे काय? तू तिकडच्या डोंगरावर पळायचं आणि मी इकडच्या? हे कुठलं शास्त्र?"

"बाबा, दोघांनी एकमेकांवर विश्वास ठेवायचा, की समोरचा गेलाच असणार."

"तू आल्याशिवाय मी हलणार नाही. विषय संपला."

"आणि मी येणार नसले तर?"

"का येणार नाहीस? मुलगी आहेस माझी."

करंगळी त्यांनी दिली नाही. मी पुन्हा पुन्हा मागितली, हसण्यावारी, रागावून, रडकुंडीला येऊन. बाबा वर्तमानपत्राचा जुना अंक उघडून बसले. केंद्र खाडीच्या एका टोकाला, घर दुसऱ्या टोकाला, आणि मधला रस्ता संपूर्ण पाण्याच्या काठाने. तो रस्ता धरून बाबा मला शोधायला निघालेले मला रोज दिसायचे.

आणि मग नोव्हेंबरात एका सकाळी जमीन हलली. तिथे ती अधूनमधून हलतच असते, पण ही थांबेना. केंद्रातल्या शेवाळाच्या टाक्यांमधलं पाणी उसळून जमिनीवर आलं. मग खांबांवरच्या भोंग्यांमधून त्सुनामीचा इशारा, उंच जागी जा, उंच जागी जा. आम्ही सगळे तसेच निघालो. केंद्राच्या फाटकापाशी रस्ता दोन दिशांना फुटतो. डावीकडे चढ, उजवीकडे किनाऱ्याने घर. माझे पाय उजवीकडे वळले होते, हे मला आठवतं. सायकलवर गेले तर पोचेनही, असं मनात आलं. त्याच वेळी मनात आलं, की बाईंच्या यजमानांनाही असंच वाटलं असणार. मी डावीकडे चढले. चढताना मी मोठमोठ्याने रडत होते आणि तोंडाने मराठीत काय काय बोलत होते देव जाणे. माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनीने माझा हात सोडला नाही.

वरून खाडी दिसत होती. पाणी मागे गेलं, तळाचा चिखल उघडा पडला, मग ते परत आलं. कालवांचे तराफे एकमेकांवर चढले. फोन लागत नव्हता. पलीकडची टेकडी दिसत होती, पण तिच्यावरची माणसं म्हणजे नुसते ठिपके. त्यांतला एखादा ठिपका बाबांचा असावा म्हणून मी डोळे फाडफाडून बघत होते. त्या दिवशी लाट लहान निघाली, भिंतीच्या पलीकडेच राहिली. हे आम्हाला नंतर कळलं. वर बसलेल्यांना ते आधी कळत नसतं.

इशारा उठल्यावर मी पळत सुटले. दगडी पायऱ्या चढून शाळेच्या पटांगणात आले, तर निळ्या ताडपत्रीवर बाबा बसलेले. मांडीवर कापडी पिशवी, अंगावर कुणाचंतरी ब्लँकेट. शेजारी बाई. बाईंच्या मुठीत बाबांच्या स्वेटरची बाही घट्ट धरलेली.

"काही खाल्लंस का?" बाबांनी विचारलं. माझ्या बाबांना दुसरं काही विचारताच येत नाही.

काय झालं ते त्यांनी सांगितलं आणि राहिलेलं शेजारपाजारच्यांनी पुरं केलं. बाबांनी गॅस बंद केला, नळ बघितला, कुलूप लावून ओढून बघितलं आणि पिशवी घेऊन ते फाटकात उभे राहिले. बाई त्यांच्या समोरून नेहमीसारख्या, मान न वळवता, पायऱ्यांकडे गेल्या. आणि मग थांबल्या. तिथून जाणारे शेजारी म्हणाले, आम्ही बाईंना थांबलेलं पहिल्यांदाच पाहिलं. त्या परत खाली आल्या. बाबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मुलगी येणार नाही." हे एवढं जपानी बाबांना कळलं. ते म्हणाले, "येणार. माय डॉटर. कमिंग." आणि त्यांनी किनाऱ्याच्या रस्त्याकडे एक पाऊल टाकलं.

बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी हिसकावली आणि त्या टेकडीकडे पळत सुटल्या.

"मला वाटलं, हिचं डोकं फिरलं," बाबा सांगत होते. "माझा पासपोर्ट घेऊन पळतेय! अहो बाई, अहो बाई, म्हणून ओरडत मी मागे. या वयात ती बया हरणासारखी पळते गं. देवळापर्यंत येऊन हाताला लागली. मग पिशवी दिली आणि ही बाही धरली. सोडेचना. दोनदा उठायला गेलो, दोनदा खाली बसवलं."

मी बाईंसमोर गुडघ्यांवर बसले. इतक्या दिवसांची पाठ केलेली आभाराची सगळी वाक्यं एकदम ओठांवर आली. त्या उठून जायच्या आत बोलून टाकावं म्हणून मी घाई करू लागले. पण बाई उठल्या नाहीत. त्यांनी बाबांची बाही सोडली आणि माझे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे हात थंडगार होते. त्या माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हणत राहिल्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मग त्या माझ्या हातांवर कपाळ टेकेपर्यंत वाकल्या.

बाबा घाबरले. "काय गं? काय म्हणतायत त्या?"

"म्हणतायत, तू आली नाहीस."

"रागावल्यात का? अगं, सांग त्यांना, रस्ता बंद असेल, फोन लागत नव्हता…"

"नाही बाबा," मी म्हटलं. "माझे आभार मानतायत."